कळपाबाहेरची बाज

"तुमी दाखवताव का म्या सांगू डाक्टरीनबाईला सगळं?"

हौसाबाईंचा आवाज असा, की येडशी स्टेशनात उभी असलेली मालगाडी शिट्टी झाली समजून निघून गेली असेल. निदान आमच्या ओपीडीतली रांग दोन पावलं मागं सरकली, हे मी शपथेवर सांगतो.

ज्यांच्यावर त्या ओरडत होत्या ते सोपानमामा टेबलासमोर उभे होते. साठीचे, काटक, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. लांडग्यालाही न भ्यालेला हा माणूस दोन्ही मुठींत धोतर आवळून उभा होता, कारण समोरच्या खुर्चीत आमच्या सर्जन मॅडम होत्या. वयानं त्यांच्या लेकीएवढ्या.

"काय त्रास आहे मामा?" मॅडमनी विचारलं.

"काय न्हाय. हिचं डोस्कं दुखतंय."

"माजं?" हौसाबाई कडाडल्या. "चार वर्षं झाली बाई, ह्यो माणूस बाहेर बाज टाकून झोपतोय. थंडीत बाहेर, पावसात बाहेर. परवा आंघोळीचं पाणी द्याय गेले तर दिसलं. एवढं!" त्यांनी दोन्ही हातांनी जे माप दाखवलं ते कलिंगडाचं होतं.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "ब्रदर, आत घेऊन जा."

सरकारी दवाखान्यात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. सत्तावीस वर्षं मी हेच करतोय. माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं, असं माझी बायकोच पाव्हण्यांना सांगते. पण औषधपाण्याचं सांगताना मी रतीभरही वाढवत नाही, एवढा भरवसा ठेवा. आणि एक गोष्ट माझ्याइतकी या जिल्ह्यात कुणाला येत नाही, ती म्हणजे लाजणाऱ्या पुरुषाचं धोतर सोडवणं. त्याची युक्ती सोपी आहे. आपण दुसरीकडं बघायचं आणि पावसापाण्याचं विचारायचं.

ड्रेसिंग रूममध्ये मी दार लावलं आणि विचारलं, "यंदा लोकरीला भाव काय?"

"भाव कसला, कुत्रं इचारंना," म्हणता म्हणता मामांनी गाठ सोडली.

कलिंगड नव्हतं. चांगला पोसलेला पेरू म्हणता येईल. उजव्या अंडाच्या वरच्या मागच्या बाजूला, मऊ, गुळगुळीत. दाबलं तरी दुखत नव्हतं. मी दिवा घालवला आणि खिशातली बॅटरी काढली.

"हे कशाला?" मामा घाबरले.

मी सांगितलं. बॅटरी गाठीच्या मागं धरायची. उजेड आरपार आला तर आत बहुतेक पाणी असतं. उजेड अडला तर आत मांसाची गाठ असू शकते, मग काळजीचं. पक्कं काय ते सोनोग्राफीच सांगते, पण पहिला अंदाज दोन मिनिटांत येतो.

बॅटरी लावली. अंधारात ती गाठ अर्ध्या पिकल्या लाल करवंदासारखी उजळली. मामा खाली वाकून बघत राहिले. मी हजार वेळा हे बघितलंय, पण स्वतःच्या अंगात दिवा लागलेला बघणाऱ्या माणसाचं तोंड दर वेळी नवं असतं.

"पाणीच दिसतंय मामा. घाबरू नका."

ते अगदी हळू म्हणाले, "म्हंजी दुसऱ्याला लागत न्हाय न्हवं?"

"कुणाला लागायची?"

"तिला."

मला हसू येणार होतं. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं, कारण मामा पुढं बोलत होते. मेंढा विकत घेताना मेंढपाळ काय बघतो? मागं हात घालून अंड चाचपतो. गाठ लागली की तो मेंढा घ्यायचा नाही, आणि आपल्या कळपातला असेल तर त्याच दिवशी वेगळा बांधायचा. एका मेंढ्याची गाठ सगळ्या कळपाला लागते. मेंढरांच्या एका आजारात हे खरंच असतं. चार वर्षांपूर्वी मामांच्या हाताला स्वतःची गाठ लागली. त्या दिवशी त्यांनी आपली बाज उचलली आणि बाहेर नेली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

"तिला सांगू नका," ते म्हणाले. "म्हणंल, मला मेंढरू समजला व्हय."

दिवा लावताना मला बटण सापडायला जरा वेळच लागला.

सोनोग्राफीत तेच आलं. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. अंडाच्या मागं एक वेटोळ्यासारखी बारीक नळी असते. तिच्यावर पाण्याची पिशवी धरते, तिला सिस्ट म्हणायचं. कॅन्सर नाही, लागट नाही. लहान असली आणि त्रास नसला तर तशीच ठेवली तरी चालते.

"चालताना मांडीला घासती बाई," मामा पहिल्यांदाच मॅडमशी बोलले. "मेंढरामागं दिवसाला लई चालणं हुतंय."

"मग काढू. छोटं ऑपरेशन आहे."

तारीख मिळाली. आणि इथं माझी चूक झाली. निघताना मी सवयीनं म्हणालो, "मामा, येताना साफ करून या."

साफ म्हणजे केस काढून. अशा ऑपरेशनआधी तिथले केस काढावे लागतात. ते काम खरं तर आमचं. आम्ही मशीननं, ऑपरेशनच्या थोडं आधी करतो. पण त्या दिवशी रांग मोठी होती आणि माझी जीभ माझ्यापुढं चालते.

ठरल्या दिवशी मामा पोट रिकामं ठेवून, तंबाखूसुद्धा न खाता वेळेवर हजर. मी तपासायला घेतलं आणि मटकन स्टुलावर बसलो. तीन ठिकाणी ओरखडे, एक चांगली बोटभर चीर, आणि मधेमधे कातरलेल्या पायऱ्या.

"मामा, कशानं केलं हे?"

"कातरीनं."

"कसल्या कातरीनं?"

"आमच्याकडं एकच हाय की."

लोकर काढायची कातर! हातभर लांब! (बरं, वीतभर.) गोठ्यात पाठीमागं बसून, दाढीचा आरसा मेखेला टांगून मामांनी स्वतःला मेंढरासारखं भादरलं होतं.

मॅडमनी बघितलं. मग माझ्याकडं वळल्या.

"ब्रदर, कुणी सांगितलं घरी करायला?"

"मी, मॅडम."

"कातडी फाटलेली असताना चिरलं तर जंतू आत जातील. दहा दिवस पुढं."

हे ऐकलं आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या हौसाबाई उठल्या. त्यांना ओरखड्यांचं कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की नवरा ऑपरेशनलाही आला आणि तसाच परत निघाला. यावेळी त्या ओरडल्या नाहीत, आणि तेच वाईट होतं.

"समजलं मला," त्या म्हणाल्या. "तुमाला बरंच व्हायचं न्हाय. बाहेरचंच बरं वाटतंय तुमाला. म्या जळकोटला चालले भावाकडं. तुमची मेंढरं तुमी बघा."

पिशवी काखेला मारून त्या निघाल्या. मामा खाली मान घालून उभे. मी त्यांच्या कानाला लागलो, "मामा, तुम्ही सांगू नका म्हणालात म्हणून मी गप्प आहे. पण तुम्हीही गप्प बसलात तर त्या आजच एसटीत बसून जातील."

ते हलले नाहीत. हौसाबाई दाराशी पोचल्या. तेव्हा मामा मोठ्यानं बोलले, आख्ख्या ओपीडीला ऐकू जाईल असं. लाजरा माणूस बोलायला लागला की त्याला आवाजाचं माप राहत नाही.

"गाठीचा मेंढा आपुन काय करताव?"

हौसाबाई थांबल्या. "येगळा काढताव."

"कशापाई?"

"बाकीच्यास्नी लागाय नगं म्हणून."

"मग? तसंच काढलं हुतं सोताला. तुला लागाय नगं म्हणून."

रांगेतलं खोकणं थांबलं.

हौसाबाई परत आल्या. पिशवी बाकावर ठेवली. नवऱ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आन् मला न इचारता?"

एवढंच. मग पदरानं त्यांनी मामांच्या पटक्यावर चिकटलेला लोकरीचा पुंजका झटकला आणि मला विचारलं, "धा दिसांनी किती वाजता?"

दहा दिवसांनी ऑपरेशन झालं. यावेळी साफसफाई मी स्वतः, माझ्या हातानं, मशीननं केली. पाठीच्या कण्यात एक बारीक इंजेक्शन देतात, त्यानं कमरेखालचं काही तास बधिर होतं. माणूस जागा असतो, फक्त पाय आपले वाटत नाहीत. मामा पडद्यापलीकडनं मॅडमना कळपाची माहिती देत होते. दीड-दोन इंचाची चीर, पिशवी अलगद सोडवून काढायची, विरघळणारे टाके. पाऊण तास. मी तेवढ्यात चाळीस मेंढ्यांची नावं शिकलो.

आमच्याकडं काढलेली वस्तू नातेवाइकाला दाखवायची रीत आहे. न दाखवली तर लोकांना वाटतं काढलीच नाही. मॅडमनी हौसाबाईंना दारात बोलावून स्टीलचा ट्रे पुढं धरला. त्यात पांढरट, पातळ, पाण्यानं भरलेली पिशवी. हौसाबाईंनी वाकून बघितलं.

"एवढ्याशा पाण्यापाई चार वर्षं," त्या म्हणाल्या. मग ट्रेलाच उद्देशून, "मुडदा बशिवला तुजा."

पिशवी तपासणीला गेली. रिपोर्ट निर्धोक आला.

वाचणाऱ्यांपैकी कुणाची किंवा कुणाच्या घरच्याची पाळी आली तर सांगून ठेवतो. नंतर काही दिवस सूज येते, कातडी निळी-काळी पडते. ते बघून बोंब मारू नये. बर्फ कपड्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ लावायचा, थेट नाही. खालून आधार देणारी घट्ट चड्डी घालायची. मामांनी तारुण्यातला लंगोट काढला, मॅडम म्हणाल्या, स्वच्छ असेल तर उत्तम. दोन आठवडे ओझं नाही, सायकल नाही, आणि नवराबायकोचं डॉक्टर सांगतील तोवर नाही. ताप आला, पू आला, किंवा सूज उतरायच्या ऐवजी भराभर वाढली तर लगेच परत यायचं. आणि सगळ्यात आधी, हाताला गाठ लागली की त्याच आठवड्यात दाखवायची. आपण मेंढरू नाही.

मी काय शिकलो? कुणाला काय सांगायचं ते त्याच्या घरात कसली कातर आहे हे विचारून सांगायचं.

दोन महिन्यांनी ऐन उन्हाळ्यात हौसाबाई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या. मामा कसे आहेत विचारलं. मेंढरामागं आहेत म्हणाल्या. मला राहवेना. म्हटलं, सरळ विचारूनच टाकावं.

"मग काय हौसाबाई, मामांची बाज आली का आत?"

त्यांनी गोळ्या मोजून पिशवीत टाकल्या.

"न्हाय. आत लई उकडतंय. म्याच माजी बाहेर टाकली."