साहेबाला मी ‘छे हो’ म्हणाले

एक मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल आदर वाटायचा धोका राहणार नाही. परदेशी वकिलातीत, काचेच्या खिडकीसमोर उभी राहून, मी धडधडीत खोटं बोलले. साहेबाने विचारलं, “तुमची मुलगी गरोदर आहे का?” आणि मी म्हणाले, “छे हो!”

ती गरोदर होती. मी तिच्या बाळंतपणासाठीच निघाले होते. अर्जात तसं स्वच्छ लिहिलं होतं, आणि तो अर्ज साहेबाच्या पुढ्यातल्या कॉम्प्युटरवर उघडा होता.

तेव्हा मी तरुण होते. नुकतीच साठी ओलांडलेली. त्या वयात माणसाला वाटतं, आता आपल्याला सगळं कळतं. इस्त्रीची कॉटनची साडी, नवीकोरी पर्स, पायात लेकीने पाठवलेले पांढरे बूट, अशी ती बाई आज आठवली की तिचा गालगुच्चा घ्यावासा वाटतो. जरा जोरातच.

पण ती खोटं का बोलली, ते सांगायला मागं जायला हवं.

मुलगी आमची एकुलती. ऐरोलीतच आयटी पार्कात नोकरीला होती तेव्हा चालत कामाला जायची. मग लग्न झालं, जावयाला परदेशात काम मिळालं, दोघं गेली. गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी एका शनिवारी तिचा फोन आला. “आई, दुसरा महिना आहे.” आणि पुढं बहुतेक असंही म्हणाली की अजून कुणाला सांगू नकोस. ‘बहुतेक’ हा शब्द माझा. ती म्हणते, नक्की म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. ऐरोलीत फ्लॅट घ्यायच्या आधी आम्ही दिघ्याला राहायचो, आणि तिथलं बुद्धविहार काही सुटलं नव्हतं. सकाळी उठून मी मोठ्या पातेल्यात खीर केली, रिक्षात मांडीवर धरून नेली आणि वंदना झाल्यावर वाटली. बायका विचारायच्या, “काय निमित्त?” मी म्हणायचे, “आहे काहीतरी, इतक्यात सांगत नाही कुणाला.” आणि असं म्हणत म्हणत सगळ्यांना सांगितलं. चप्पल घालून बाहेर पडलेल्या एका बाईला तर परत बोलावून सांगितलं.

महिन्याभरात ते बाळ गेलं.

बायका वाईट नव्हत्या. उलट फार चांगल्या होत्या, तीच पंचाईत. प्रत्येकीने लेकीचा नंबर मिळवून तिला फोन केला. कुणी म्हणे पपई खाल्लीस का, कुणी म्हणे प्रवास केलास का, कुणी नुसतीच रडली. शेवटी तिने फोन घेणंच बंद केलं, माझासुद्धा. पुष्कळ दिवसांनी बोलली तेव्हा आवाजही चढवला नाही. म्हणाली, “आई, मी इथं पडून होते आणि फोनवर सगळ्यांना समजावत होते की मी ठीक आहे, तुम्ही रडू नका.”

ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या खेपेला तिने मला तिसरा महिना संपल्यावर सांगितलं. मी तरी कुठल्या तोंडाने रुसणार? “बाबा आणि तू. बस. कुणाला म्हणजे कुणालाच नाही,” ती म्हणाली. मी हो म्हणाले. मग, शाळेत असताना अंधारात पाणी प्यायला उठायची आणि मला हाक मारायची, त्या आवाजात म्हणाली, “तू येशील ना गं? या वेळी मला फार भीती वाटते. तू घरात असलीस की नाही वाटणार.”

आमच्याकडे नजर लागणं, दृष्ट काढणं असलं काही मानत नाहीत. सासऱ्यांनी गाव सोडलं तेव्हाच ते सगळं तिकडं ठेवून आले. तेव्हा मी गप्प राहिले ती नजरेच्या भीतीने नव्हे. शब्द दिला होता म्हणून. आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवायचं ठरवलं तर ते असं ठेवीन की लेकीने तोंडात बोट घालावं, असा माझा बेत होता.

व्हिसाचा अर्ज जावयाने तिकडून भरला. मुलाखतीची तयारी आमच्या ह्यांनी घेतली. हे रबाळ्याच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, उभा जन्म युनियनमध्ये गेला, त्यामुळे एकदा तरी साहेब व्हायची हौस. स्वतः यायला तयार नव्हते. “बाळंतपणात माझं काय काम? मी इथं कुंड्यांना पाणी घालतो.” पण साहेब मन लावून झाले. जेवायच्या टेबलापलीकडे बसून चष्म्यावरून बघायचे.

“परत कधी येणार?”

“नातवंड रांगायला लागलं की.”

“नापास! सहा महिन्यांनी, म्हण. परत कशाला येणार?”

“तुम्ही गॅस बंद करायला विसरता म्हणून.”

“नापास!”

“अहो, पण खरं आहे.”

“खरं आहे म्हणून काय सगळं बोलायचं असतं का?” असं हे म्हणाले. पुढं मी ह्यांना हे वाक्य बरेचदा ऐकवलं आहे.

मुलाखतीच्या दिवशी टॅक्सीने ऐरोलीचा पूल ओलांडून वेळेच्या फार आधी पोचलो. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून हे दोघांचे मोबाइल घेऊन समोरच्या फुटपाथवर थांबले. मी रांगेत. आणि माझ्या पाठीमागे उभ्या होत्या जुईनगरच्या एक बाई. मुलाकडे निघाल्या होत्या. दोन बायका रांगेत उभ्या आणि ओळख निघाली नाही असं होतं का? पाचव्या मिनिटाला कळलं की त्या माझ्या मोठ्या जावेच्या महिला मंडळातल्या.

“अगंबाई! मग लेकीकडं काय, काही विशेष?” त्यांनी विचारलं.

“काही नाही हो. सहज. थंड हवा असते म्हणे तिकडं.”

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की थंड हवेला खंडाळा काय वाईट होता!

माझा नंबर आला तेव्हा त्या अगदी माझ्या मागे, फरशीवर आखलेल्या पट्टीवर उभ्या. खिडकीत गोरा, तरुण साहेब, शेजारी मराठी सांगणारी एक मुलगी. मध्ये काच, त्यामुळे ती माइकवर बोलायची आणि आवाज माझ्या डोक्यावरच्या स्पीकरमधून यायचा. चांगला खणखणीत. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला असा स्पीकर हवा.

कुठे राहता, घरी कोण असतं, सगळं नीट झालं. साहेब हसराच होता. मग त्याने कॉम्प्युटरकडं पाहून काहीतरी विचारलं आणि स्पीकरमधून हॉलभर आवाज गेला:

“तुमची मुलगी गरोदर आहे का?”

माझ्या पाठीला डोळे फुटले. जुईनगरचे कान पुढं आलेले मला न बघता दिसले. संध्याकाळपर्यंत जाऊबाई, रविवारी विहार, सोमवारी लेकीच्या मोबाइलवर सगळ्या बायका. मी खिडकीला नाक लावून म्हणाले, “छे हो!”

माइकवरच्या मुलीने माझ्याकडं पाहिलं. परत विचारलं, “नक्की? बाळ वगैरे काही होणार नाहीये?”

“नाही, नाही. कोण म्हणतं?”

“मग सहा महिने कशासाठी जाताय?”

“हवापालट,” मी म्हणाले.

साहेबाचं हसू गेलं. त्याने थोडं टाइप केलं, माझा पासपोर्ट काचेखालून परत सरकवला, वर एक छापील कागद. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे व्हिसा, परत दिला म्हणजे नाही, इतकं सोसायटीतल्या सगळ्यांनी मला शिकवलं होतं. तरी मी विचारलं, “टपालाने नाही का पाठवत?” ती मुलगी हळूच म्हणाली, “नाही काकू. या वेळी नाही मिळाला.” आता मात्र माइकपासून लांब होऊन.

बाहेर येऊन ह्यांना सगळं सांगितलं.

“अगं, तो साहेब काय वहिनीकडं चहाला जातो का सांगायला?”

“साहेब नाही हो, जुईनगर!”

“कळलं तर कळलं असतं जुईनगरला!”

“मी शब्द दिला होता,” मी म्हणाले आणि तिथंच फुटपाथवर रडायला लागले. ह्यांनी दोन्ही मोबाइल एका हातात घेतले आणि दुसऱ्या हाताने माझी पर्स धरली. पुलावर टॅक्सी आली तरी पर्स ह्यांच्याच मांडीवर होती.

लेकीला सांगणं भाग होतं. सांगितलं. जुईनगर, स्पीकर, हवापालट, सगळं. वाटलं हसेल. नाही हसली. “म्हणजे तू येणार नाहीस,” एवढंच म्हणाली.

“परत अर्ज करू ना.”

“मागच्या वेळी खोटं सांगितलं हे त्यांच्याकडं राहतं, आई.” मग म्हणाली, “ठेवते.”

त्यानंतर मी बोलताना सावध झाले. एकदा बोलून घालवलं, एकदा न बोलून, मग बोलायचं काय? रोज फोन करायचे, जेवलीस का, औषध घेतलंस का, बरं, काळजी घे. संपलं. हे एकदा म्हणाले, “घरातला टीव्ही बंद पडल्यासारखं वाटतंय गं.”

जावयाने परत अर्ज भरला. तारीख मिळाली तेव्हा लेकीला सातवा लागला होता. या वेळी नवी पर्स नाही, तालीम नाही. हे फक्त म्हणाले, “जे आहे ते सांग. रांगेत जाऊबाई स्वतः उभ्या असल्या तरी सांग.”

खिडकीत या वेळी साहेब नव्हता, बाई होती. मराठी सांगणारी मुलगी मात्र तीच. तिने मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. पहिलाच प्रश्न आला: मागच्या वेळी तुम्ही नाही म्हणालात, अर्जात तर बाळंतपण लिहिलं होतं, असं का?

मी सांगायला लागले. खिरीपासून. पातेलं, रिक्षा, चप्पल घालून गेलेली बाई. ते बाळ गेलं ते. मग लेक पडल्या पडल्या सगळ्यांना समजावत होती ते. मुलगी वाक्यावाक्याला इंग्रजीत सांगत होती, पण इथं ती थांबली, पाणी प्यायली आणि मग तिने सांगितलं. मी म्हणाले, “या वेळी कुणाला सांगणार नाही असा तिला शब्द दिला होता. मागं ओळखीच्या बाई उभ्या होत्या. मी घाबरले. चूक माझी आहे, तिची नाही. तिला मात्र मी तिथं हवी आहे.”

बाईंनी काहीतरी विचारलं. मुलगी म्हणाली, “त्या विचारतायत, मग आतापर्यंत कुणाकुणाला सांगितलंत?”

“तुम्हालाच,” मी म्हणाले. “घराबाहेर तुम्ही पहिल्या.”

हे इंग्रजीत गेलं. बाईंनी कॉम्प्युटरवरचे हात उचलले, माझ्याकडं नीट पाहिलं. मग बरंच टाइप करत राहिल्या. माझा पासपोर्ट त्यांच्या कोपराशी होता आणि मी नजर त्याच्यावरून हलवली नाही. आता सरकेल, आता सरकेल. त्यांनी तो उचलला आणि पाठीमागच्या ट्रेमध्ये ठेवला. मी तरीही उभीच. शेवटी ती मुलगी म्हणाली, “काकू, झालं. जा ना, पुढच्यांना येऊ द्या.”

घरी आल्यावर फोन लावला. तिकडं सकाळ होती, तिने पहिल्याच घंटेला उचलला. मी म्हणाले, “पासपोर्ट ठेवून घेतला.” पलीकडून तिचा श्वास ऐकू आला. मग मी सवयीने म्हणाले, “बरं. जेवलीस का? काळजी घे. ठेवते.”

“ठेवू नकोस! बोल ना काहीतरी, काहीही बोल. पाणी किती वाजता आलं, खाली कोण कुणाशी भांडलं, बाबांनी गॅस कितीदा चालू ठेवला, सगळं सांग. इतके दिवस झाले, आई, तू माझ्याशी त्या खिडकीसमोर उभी असल्यासारखी बोलतेयस.”