झाकलेले कॉम्प्युटर

माझ्या बारावीतल्या मुलीचा मोबाइल मी सात रस्ता चौकातल्या मोबाइलच्या दुकानात नेला आणि आतलं सगळं पुसून तो कोरा करून आणला. तिला विचारलं नाही. चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी दुसऱ्यांवर बराच चिडणार आहे.

तिनं अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं तेव्हा नातेवाइकांत मीच मिरवलो होतो. पण रोज संध्याकाळी ती मोबाइलात डोकं घालून बसायची, अंगठे भराभर चालायचे, मध्येच स्वतःशीच हसायची. कोणाशी तरी गप्पा चालल्यात, असं मी ठरवूनच टाकलं.

"अभ्यास करतेय की, पप्पा."

"असा असतो होय अभ्यास? पुस्तक कुठंय?"

एकदा ती आंघोळीला गेली असताना मी मोबाइल घेऊन पाहिला. उघडेना. मग संशय आणखीच वाढला आणि तसाच उठून दुकानात गेलो.

परत दिला तेव्हा ती बराच वेळ त्यात शोधत राहिली. मग म्हणाली, "माझे सगळे प्रोग्रॅम होते ह्यात."

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. मागच्या तारखा टाकल्या की पुढचा पाण्याचा दिवस सांगेल असा प्रोग्रॅम ती महिनाभर खपून लिहीत होती. तिची आई त्यावर विसंबून हौद घासून ठेवायची. मला दोघींनीही सांगितलं नव्हतं. मी ऐकून घेतलंच नसतं.

तरी माझंच तोंड वर. "कॉलेजात लॅब आहे ना? तिथं करायचं!"

"लॅबला कुलूप असतंय, पप्पा! प्रॅक्टिकलच्या आधी आठ दिवस उघडतेत. तोवर फळ्यावरचं उतरवून घ्यायचं नि पाठ करायचं."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो. कॉम्प्युटरच्या सरांनी लॅबचं कुलूप काढलं, मला चपला बाहेर काढायला लावल्या. आत सगळे कॉम्प्युटर प्लास्टिकच्या कव्हरांखाली, वर बोटभर धूळ.

"पोरं बटणं उपटतेत हो. परीक्षकांना सगळे चालू दाखवावे लागतात."

"आणि पोरांना कधी दाखवणार?"

"मार्क पडतेत की सगळ्यांना. तुमची तक्रार काय आहे नेमकी?"

माझं डोकं फिरलं. दोन वर्षं फी घेता, विषयाचं नाव मिरवता आणि यंत्राला हात लावू देत नाही? पोरं काय फळ्यावर टाइप करणार? मी एवढा ओरडलो की शिपाई दारात येऊन उभा राहिला. सर शांतच होते. समजुतीच्या सुरात म्हणाले, "चिडू नका. एक करा, मुलीकडचा मोबाइल काढून घ्या. त्यानंच वाया जातेत पोरं."

मी बाहेर येऊन चपला घातल्या. त्यांच्या कुलपावर मी ओरडत होतो, आणि तिच्यापाशी उरलेला एकच कॉम्प्युटर मीच कोरा करून आलो होतो.

लॅब रोज उघडा म्हणून प्राचार्यांकडे अर्ज टाकला. त्याचं उत्तर अजून नाही, त्याचा राग अजून आहे.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा ती तोच प्रोग्रॅम आठवून आठवून पुन्हा लिहीत होती. मला पाहताच तिनं मोबाइल पाठीमागे लपवला. मी तिच्यासमोर खालीच बसलो.

"लपवू नको. तुझ्या वस्तूला मी हात लावायला नको होता. तू खरं सांगत होतीस आणि मी तुला खोटं ठरवलं. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."