बोलता येईल असा गिअर

बोलायच्या आधी काकू बॉनेटवर बोटांच्या पेरांनी हलकेच टकटक करायच्या, एखाद्याच्या दारावर करावी तशी. मी जीपखाली आडवा पडलेलो असलो तर मला फक्त त्यांच्या चपला आणि साडीचा काठ दिसायचा. मग वरून प्रश्न यायचा, "काय हो इंजिनियर, आज काय सुटं केलंत?"

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. माहेर सदाशिव पेठेतलं, त्यामुळे कौतुक करतानाही समोरच्याला जरासं लागेल याची काळजी घ्यायच्या. यजमान पाटबंधारे खात्यात होते. त्यांची सगळी नोकरी धरणांच्या कामांवर, आडगावांत झाली. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती.

इंजिनियर म्हणजे मी, पण कॉम्प्युटरचा. आयटीतला पगार नवा होता आणि अक्कल त्याहून नवी. त्या भरात मी सरकारी लिलावातली एक जुनी जीप उचलून आणली. तिचं इंजिन पार गेलं होतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी दुसरं डिझेल इंजिन मिळवून दिलं. अडलं ते गिअरबॉक्सवर. मिस्त्रींचं म्हणणं साधं होतं. "साहेब, मूळचा हाय त्योच ठेवा. दणकट हाय. उगा दुसऱ्याचं धड कशाला चिकटवताय?"

मला मात्र ओव्हरड्राइव्हवाला हवा होता. म्हणजे असा बॉक्स, ज्यात शेवटच्या गिअरला चाकं तेवढीच पळतात, पण इंजिन सावकाश फिरतं. भंगारात गेलेल्या एका जुन्या पिकअपचा तसा पाच गिअरचा बॉक्स मी बघून ठेवला होता. खरं सांगायचं तर मला तो शब्दच आवडला होता. ऑफिसच्या मीटिंगमध्येही मी तो कारण नसताना वापरायचो. इंटरनेटवरची पानं ऑफिसात छापून आणायची आणि मिस्त्रींना वाचून दाखवायची, असा माझा क्रम होता. मिस्त्री शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग त्याच कागदांना हात पुसायचे.

पावसाळा संपला तरी माझा निर्णय होईना. रोज नवा मुद्दा काढायचो. एका संध्याकाळी काकूंनी बॉनेटवर टकटक केली आणि विचारलं, तो पाचवा गिअर टाकल्यावर नक्की काय होतं. मी मोठं व्याख्यान दिलं. त्या मधेच म्हणाल्या, "म्हणजे गाडीत बोलता येईल का, एवढंच सांगा."

मग त्यांनी सांगितलं. संसार अशाच एका जीपमध्ये गेला. सरळ रस्त्याला लागलं की इंजिन असं किंचाळायचं की शेजारच्याचं ऐकू यायचं नाही. यजमान एरवी कामात बुडालेले. दोघंच असायचे ते फक्त गाडीत. "पुण्याला पोचल्यावर बोलू, असं म्हणायचो. पोचल्यावर माणसं भेटायची."

दुसऱ्या दिवशी मी तो पिकअपचा बॉक्स घेऊन आलो. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, पण बसवून दिला. इंजिन आणि बॉक्स जोडायला लेथवर प्लेट करून घेतली. एकच दोष राहिला. पाचवा टाकला की गिअरचा दांडा माझ्याच गुडघ्यात रुतायचा. ओव्हरड्राइव्हची हौस माझी, तेव्हा गुडघाही माझाच.

पहिली फेरी वाईपर्यंत. शेजारी काकू, मांडीवर पर्स. कात्रजचा घाट उतरून सपाटीला लागल्यावर मी पाचवा टाकला, आणि इंजिनाचा आवाज खरंच खाली बसला. वरचं कापडी हुड फडफडत होतं, पण बोलता येत होतं. मी लगेच गिअरच्या दातांविषयी सुरू केलं.

"गाडीचं नको," काकू म्हणाल्या. "दुसरं काही असेल तर बोला."

दुसरं होतं. कंपनी मला अमेरिकेला पाठवत होती. सोसायटीत माझे पेढे वाटून झाले होते, गावी आईने नातेवाइकांना सांगून टाकलं होतं. आणि मला जायचं नव्हतं. त्या दिवसांत हे बोलणं म्हणजे वेड लागल्याचं कबूल करणंच होतं. मी शिरवळपर्यंत अडखळत बोलत राहिलो. इथली माणसं सोडवत नाहीत, तिकडच्या एकटेपणाची भीती वाटते, आणि याची लाजही वाटते.

"मग जाऊ नका," काकू म्हणाल्या. "एवढंच होतं, तर गिअरबॉक्सचं नाव पुढे करून चार महिने कशाला घालवलेत?"

मी गेलो नाही. ऑफिसात काही दिवस मला बघून लोक हळू आवाजात बोलायचे. नंतर दुसरे विषय निघाले. पुढच्या वर्षी काकू लेकीकडे नागपूरला गेल्या आणि थंडीत तिथेच वारल्या. बातमी जिन्यात कळली. त्यांच्या फ्लॅटमध्ये आता आयटीतली मुलं राहतात.

मला आठवते ती वाईहून परतीची वाट. खंबाटकी उतरल्यावर काकूंना झोप लागली. मान हळूहळू कलत माझ्या खांद्यापर्यंत आली, पदर वाऱ्यावर उडत होता. पुढे वाहनं दाटली, वेग पडला. खालचा गिअर टाकायला हवा होता, पण टाकला असता तर हिसका बसला असता. इंजिन धडधडायला लागलं, मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला. गुडघा ठणकत होता. मी पाचव्यातच गाडी रेटत राहिलो.