खडकावरच्या चपला

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या पंपघरात डबा उघडून बसलो होतो. फोन त्याच्या मुलीचा, सुजाताचा. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळी शेणव्याच्या घरून भातसानगरला ड्युटीवर निघाला होता, गाडीला किक मारता मारता छातीत कळ आली, आणि शहापूरच्या दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं... हे मला नंतर कळलं. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहायला हात धजत नाही, पण तेवढ्यासाठीच तर लिहायला बसलोय. दुःख मागून आलं. आधी आलं ते असं, की त्याला सांगायचं राहून गेलं. आणि त्याच्या पाठोपाठ, चोरासारखं, हेही आलं की चला, आता सांगायची गरज उरली नाही. मी डबा झाकला. भूक मेली ती दुःखाने नाही, स्वतःच्या किळसेने.

मी नांदेडकडचा, किनवटच्या बाजूचा. सहावीत शाळा सोडली, त्यामुळे असं काही लिहायची सवय नाही, कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. विशी ओलांडल्यावर शहापूर-मुरबाड रस्त्याच्या आतल्या अंगाला एका दगडखाणीवर कंप्रेसर चालवायला आलो. कंबरेला दोर बांधून कड्यावर लोंबकळायचं, काळ्या दगडाला भोकं पाडायची, त्यात सुरुंग भरणारे भरायचे आणि आम्ही पळायचो. पाच वर्षं हेच केलं. पुढे तळाला झरा लागला. उपसा पुरेना, मालकाने यंत्रं दुसरीकडे हलवली आणि मला तिथेच पत्र्याच्या खोलीत राखणीला ठेवलं. बघता बघता साठ फूट खोल खाण भरली. माती नावाला नव्हती, त्यामुळे पाणी असं नितळ, की वरून खालची डंपरची वाट दिसायची. मला पोहता येत नव्हतं आणि मी तळ्याचा राखणदार! रात्री फाटकाचं कुलूप तीन-तीनदा ओढून बघायचो. कुणी बुडालं तर आळ आपल्यावर येईल या धास्तीने झोप लागायची नाही.

अशात एका रविवारी जीप आली. दोन माणसं उतरली आणि लोखंडी नळकांडी उतरवू लागली. मला वाटलं भंगारचोर. मी पहार उचलली. त्यातला काळासावळा, दणकट माणूस हसत पुढे आला.

"अरे ठेव ती पहार. पाणी चोरायला नाय आलो."

तो मनोहर. धरणावर यांत्रिकी खात्यात होता. दुसरे होते कल्याणचे साहेब, नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे. धरणाच्या दरवाजांची पाण्याखालची पाहणी करायला ते येत, तिथे मनोहरशी त्यांची दोस्ती जमली आणि त्यांनी त्याला पाण्याखाली जायला शिकवलं. कामासाठी नव्हे, हौसेसाठी. त्या हौसेला निवांत, स्वच्छ पाणी पाहिजे होतं.

"खाली जाऊन करता काय?" मी विचारलं.

"काय नाय. बघतो."

"बघता काय पण?"

"तू काय खणून ठेवलंस ते."

मला त्यांना मदत करायची घाई. म्हटलं, माझा कंप्रेसर इथे असता तर ही हवेची नळकांडी मीच भरून दिली असती. साहेब दचकलेच. म्हणाले, "बाबा रे, त्या हवेत तेल असतं. दोन दिवसांत आमच्या फोटोला हार." मनोहर खडकावर बसून पोट धरून हसला. त्या दिवसापासून मी 'नांदेड' झालो. ए नांदेड, चहा ठेव. ए नांदेड, पट्टा आवळ. माझं खरं नाव त्याला माहीत आहे की नाही, असं मला कैक दिवस वाटायचं.

त्याने मला पोहायला शिकवलं. तेही ओरडून, शिव्या घालून, पोटाखाली हात धरून. रविवारी दुपारी शेणव्याला जेवायला न्यायचा. वहिनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढायच्या, "भावजी, लाजताव काय, घ्या" म्हणायच्या. घर सोडल्यापासून इतक्या वर्षांत कुणी मला असं आग्रहाने वाढलं नव्हतं. दुसऱ्या हिवाळ्यात साहेबांनी मला नळी तोंडात धरून श्वास घ्यायला शिकवलं, आणि मनोहरचा हात धरून मी पहिल्यांदा खाली गेलो. समोर कड्यावर भोकांची रांग होती, दोन-दोन हातांवर. माझीच भोकं. ज्या जागी उन्हात लोंबकळून कंबर मोडली होती, तिथे मी आता वजन नसल्यासारखा तरंगत होतो. मनोहरने एका भोकात बोट घालून माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे, तुझं का? मी मान हलवली. त्याने पाण्याखाली मला सलाम ठोकला. आयुष्यात माझ्या कामाला कुणी केलेला तो पहिला सलाम.

आमच्या त्या तीन-चार जणांच्या टोळीत एक नियम होता आणि तो मनोहरने घातला होता. पाण्यात उतरताना चपला काठच्या सपाट खडकावर ठेवायच्या, आणि वर आल्यावर आधी चपला घालायच्या, मग अंग पुसायचं. खडकावर चपला म्हणजे माणूस खाली. साहेब म्हणत, वहीत वेळ लिहू. मनोहर म्हणायचा, "वही भिजते साहेब. माणूस पण विसरतो. चपला नाय विसरत. ह्या तापल्या खडीवर अनवाणी चार पावलं चालून दाखवा." बरोबरच होतं. खाणीतली खडी म्हणजे फुटक्या काचा. पण हा हिशेब धरताना त्याने एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. माझे पाय खाणकामगाराचे होते. पाच वर्षं मी त्याच खडीवर अनवाणी वावरलो होतो.

ती दुपार उन्हाळ्याच्या तोंडची. मी आणि मनोहर खाली, साहेब आणि त्यांचा एक मित्र काठावर. चाळीसेक फुटांवर मी कड्याला लागून चाललो होतो, मनोहर माझ्या पुढे. आणि मला एक भोक दिसलं, ज्यातून वायर बाहेर आली होती. न फुटलेला सुरुंग. खाणीवर आम्ही सापाला भीत नव्हतो तेवढे याला भ्यायचो. माझ्या ओळखीतल्या एकाचे दोन्ही हात त्यात गेले होते. आता वर्षानुवर्षं पाण्यात मुरलेल्या त्या दारूत काय जोर असणार! पण हे डोक्याला कळतं, अंगाला नाही. मी पळालो. मनोहरला खूण केली नाही, मागे पाहिलं नाही. कड्याच्या कडेकडेने, वळणाच्या पलीकडे, डंपरच्या उतारावर बाहेर निघालो. नळकांडं तिथेच उतरवलं. मग शरम वाटली... साथीदाराला सोडून यायचं नाही हा साहेबांचा पहिला नियम, आणि मी तो भिजल्या वायरीला भिऊन मोडला होता. आता हे हसतील, पुन्हा पाण्यात घेणार नाहीत. मी अनवाणीच खडीच्या ढिगाऱ्यामागे गेलो आणि गुडघ्यात डोकं घालून बसलो. म्हटलं जरा श्वास घेऊ, मग जाऊ, काहीतरी सांगू.

पाण्यावर मनोहर आल्याचा आवाज आला.

"आला का तो वर?"

"नाही रे. चपला आहेत की त्याच्या!" साहेब म्हणाले.

तेव्हा मी उठायला हवं होतं. 'इथे आहे' एवढे दोन शब्द. पण उठलो तर काय सांगणार, हे अजून ठरलं नव्हतं. मनोहर परत खाली गेला. थोड्या वेळाने वर आला. साहेब ओरडले, "आता नाही, हवा संपत आली, थांब!" आणि मग मनोहरने मला हाक मारली. 'नांदेड' अशी नाही. "गंगाधर! ए गंगाधर!" कड्यांवर आपटून ते नाव तीन वेळा माझ्याकडे आलं. त्याला माझं नाव माहीत होतं. मी ढिगाऱ्यामागे तोंडावर हात दाबून बसलो होतो, आणि तो दुसऱ्यांदा खाली गेला.

खाली जाताना दर थोड्या अंतरावर थांबून, नाक दाबून उजवा-डावा दोन्ही कान मोकळे करायचे असतात. थांबायला त्याच्याकडे हवा नव्हती. तो सरळ तळाकडे गेला. वर आला तेव्हा साहेबांचा आवाज बदललेला ऐकू आला, "रक्त... अरे, कानातून रक्त येतंय." तेव्हा कुठे मी उठलो. आणि उठून काय केलं? उताराकडे पळालो, पाण्यात उतरून नखशिखांत भिजलो, नळकांडं पाठीला अडकवलं आणि धापा टाकत वळणावरून पोहत आलो. "तारेत अडकलो होतो," म्हणालो. भिऊन लपणं समजू शकतो कुणी. ही बुडी मात्र मी शांत डोक्याने मारली होती.

मनोहरने मला मिठी मारली. त्याचं रक्त माझ्या खांद्यावर आलं. तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "आधी चपला घाल, नांदेड."

उजवा कान कायमचा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा पाण्याखाली जायचं नाही. तो तरीही रविवारी येत राहिला. बाकीचे उतरायचे आणि तो सपाट खडकावर बसून चपला राखायचा. मी दोनदाच गेलो त्यानंतर. मग कानाचं, पाठीचं निमित्त सांगून सोडून दिलं. खाणमालकाने राखण बंद केली तेव्हा मनोहरनेच खेटे घालून मला मुरबाडच्या कारखान्यात पंपावर लावलं, "माझा माणूस हाय" असं सांगून. माझा संसार उभा राहिला तो त्या वाक्यावर. किती वेळा ठरवलं, आज सांगू. त्याच्या डाव्या बाजूला बसायचो, तोंड उघडायचो, आणि तोच सुरू करायचा, "अरे, त्या दिवशी दुसऱ्यांदा गेलो ना, तेव्हा ठरवलेलं, नांदेड नाय तर मी पण नाय!" ती गोष्ट त्याला प्यारी होती. पाहुण्यांना सांगायचा, पोरीच्या मैत्रिणींना सांगायचा. मी कसा मध्ये येणार होतो?... हे मी दहा वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं कारण एवढंच की मला त्याच्या घरची भाकरी गमवायची नव्हती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी शेणव्याला अंगणात मांडव होता. फोटोपुढे मेणबत्त्या, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, धरणावरचे सगळे. श्रद्धांजलीची भाषणं चालू असताना वहिनींनी हाताने मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हे आमचे भावजी. ह्यांच्यासाठी ते दोनदा खाली गेले. कान दिला, पण माणूस आणला." लोक माझ्याकडे बघत होते. मी माईकपुढे उभा राहिलो. म्हणालो, "दादा नसते तर मी आज नसतो." आणि खाली बसलो. म्हणजे त्याच्या फोटोपुढेही मी परत एकदा भिजून आलो.

त्यानंतर महिनाभर हे कागद खरडत होतो. पेपरला पाठवायच्या आधी वहिनींना सांगणं भाग होतं, म्हणून मागच्या रविवारी गेलो. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या घरात सगळेच चढ्या आवाजात बोलतात. कुठल्याही बाजूने बोललं तरी मनोहरला ऐकू जावं म्हणून लागलेली सवय, घरात येणाऱ्यालाही लागायची. मीही तसाच बोललो. "वहिनी, त्या दिवशी मी पाण्यात नव्हतोच!" शेजारची बाई दारातून डोकावली.

"हळू बोला, भावजी," वहिनी म्हणाल्या. "आता हळू बोललं तरी चालतं."

मी हळू बोललो. त्या घरात पहिल्यांदाच. ढिगारा, हाका, परत भिजणं, सगळं. त्यांचा हात सुपात थांबला होता.

"दोनदा गेले ते खरं ना?"

"खरं."

"तुमी खाली हाव, असं समजूनच गेले?"

"हो."

"मग त्यांचं खरं हाय." त्यांनी सूप परत हलवायला घेतलं. "तुमचं तुमी बघा."

मी विचारलं, हे छापू का? त्या म्हणाल्या, सुजाताला दाखवा, मी मधे नाय. सुजाताने दारात उभ्या उभ्या सगळं वाचलं. कागद परत देताना माझ्याकडे बघितलं नाही. "छापा काका," म्हणाली. "तुम्ही नुसतं 'कान गेला' लिहिलंय. उजवा लिहा." मी खिशातलं पेन काढून तिथल्या तिथे लिहिलं. ती आत गेली.

आतून तिचा आवाज आला, खणखणीत, "आई, दूध वर काढून ठेवलंस का?" आणि वहिनींनी तांदळातून मान वर न करता तसंच खणखणीत उत्तर दिलं, "ठेवलंय! झाकण घाल!" दोघींत एका भिंतीचंच अंतर. ओरडायची काही गरज नव्हती, आणि कुणी कुणाला हळू बोल म्हणालं नाही. त्या अजून त्याला ऐकू जाईल अशाच बोलतात. हळू बोलायला फक्त मला सांगितलं होतं.