आत्याचा रिकामा डबा

माझ्या आत्याच्या दारातून कुणाचा डबा कधी रिकामा परत गेला नाही. शेजारणीची वाटी परत जाताना तिच्यात दोन वांगी तरी असायचीच. होळी नावाच्या गावातली तिची केळी-भाज्यांची वाडी लहान होती, हात मात्र लहान नव्हता.

कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहायचो. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे दवाखान्याचे कागद वाचायचं काम माझं. तिची साखर वाढली होती, पायाच्या बोटाची जखम सुकत नव्हती. "महिनाभर पथ्य पाळा, नाहीतर बोट काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. आत्याने मान हलवली आणि घरी येऊन सुकेळी खाल्ली. राजेळी केळी ती स्वतः उन्हात सुकवायची. मोठी बरणी भरलेली होती. मी ओरडलो, तर म्हणाली, "माझ्या झाडाचं केळं मला काय करनार?"

घाबरून मी फोनवरून पौष्टिक खाऊचे महिन्याचे डबे लावले. दर सोमवारी भाजलेले चणे, मखाणे, नाचणीचा चिवडा यायचा; आधीचे डबे रिकामे करून परत द्यायचे. "हे तर पोपटाचं खानं," आत्या म्हणाली.

दुसऱ्या सोमवारी डबे न्यायला आलेल्या ताईंनी झाकण उघडलं, तर आत सुकेळी.

"मावशी, रिकामे द्यायचे असतात. मला बोलणी बसतील."

"आनि रिकामे दिले तर मला रात्री झोप लागंल का?"

तिसऱ्या सोमवारी पुन्हा तेच. डबे पाठवणाऱ्या कंपनीचा निरोप आला: आता असं झालं तर डबे बंद. तिच्या बोटाची पट्टी रोज मीच सोडायचो. त्या दिवशी मी बोलून गेलो, "आत्या, तुझ्या या सवयीपायी बोट जाईल तुझं!"

चौथ्या सोमवारी तिने बरणी उपडी करून उरलेली सुकेळी डब्यांत भरली. डबे बंद झाले. गडबडीत एक आमच्याकडेच राहिला.

रिकामी बरणी बघितल्यावर माझ्या लक्षात आलं. डबा भरून द्यायचा म्हणून तिने आधी चणे संपवले होते, आणि सुकेळी तिच्या पोटात जाण्याऐवजी डब्यांत गेली होती. महिनाअखेर जखम सुकली. बोट राहिलं.

पुढे मी पुण्याला शिकायला गेलो. निघताना तिने तोच डबा चण्यांनी भरून दिला. पहिल्या सुट्टीत मी तो स्वच्छ घासून परत आणला. तिने झाकण काढून आत बघितलं, मग माझ्याकडे.

"लय शिकलास रे, पोरा."

मी मान खाली घातली. परत जाताना डबा पुन्हा माझ्या पिशवीत होता, भरलेला. दुसऱ्या सुट्टीसाठी मी त्यात काय न्यायचं ते आठवडाभर ठरवत होतो. त्याच आठवड्यात घरून फोन आला: आत्या गेली.