दारावरची मिरची

शहाद्याच्या एसटी स्टँडमागे तो गाड्यांवरचे ओरखडे पॉलिशने घालवतो. नाव मी विचारलं नाही. माझ्या नव्या गाडीच्या दारावर कुत्र्याच्या नखांच्या रेघा होत्या. आमचा टायगर असलं काही करणार नाही म्हणत मी पंधरा दिवस शेजाऱ्याशी भांडत होतो. सगळा दोष त्याच्या कुत्र्याचा.

हे सगळं ऐकत पॉलिशवाल्याने ओरखड्यावरून नख फिरवलं. मग ओल्या फडक्याने रेघ पुसली, फडक्यावरचा लालसर डाग पाहिला आणि चक्क जिभेला लावला. तोंड वाकडं करून तो घटाघट पाणी प्यायला.

"भाऊ, मिरची कोना आंगणमा वाळस?"

"आमच्याच."

तो पुन्हा चोळायला लागला. "आनि शेजारीना कुत्रा तुमले देखीसन इतला खूश कसाले व्हई?"

दार आरशासारखं झालं. घरी पोचलो तेव्हा शेजारी ओट्यावर बसला होता. मी गाडी थांबवतो न थांबवतो तोच टायगर वाळत्या मिरच्या तुडवत आला आणि त्याने पुढचे दोन्ही पाय दारावर टाकले.

 शेजाऱ्याने आपल्या कुत्र्याला हाक मारली आणि बघायला जवळ बसवून घेतलं.