टोमॅटो उपटायला निघालो आणि सुनंदा आडवी आली

मंडळी, फलटणजवळच्या आमच्या रानात आठ दिवस टोमॅटोची पानं पिळवटत चालली होती. व्हायरसच आला असं धरून आज सकाळी मी झाडं उपटायला निघालो.

बायको सुनंदा आडवी आली. "आवं, थांबा! व्हायरस रानभर इकडंतिकडं दिसला असता. हितं फकस्त शेजारच्या उसाकडच्या सऱ्यांतली झाडं वाकडी झाल्यात."

शेजारच्या उसवाल्या दादांना फोन लावला. त्यांनी पंधरवड्यापूर्वी तणनाशक फवारलं होतं. ते झाडाच्या वाढीच्या हार्मोनसारखं काम करून पानं पिळवटतं, आणि वाऱ्यानं आमच्या टोमॅटोवर आलं होतं.

सुनंदानं एक शेंडा धरून दाखवला. नवी पानं सरळ फुटत होती! "जगत्यात की ही," ती म्हणाली.

वीस वर्षं शेती करतोय, पण लय शिकलो आज. तुमच्या घरात पिकाकडं असं निरखून कोण बघतं?